व्होल्टांचा मांडव

जत्रेतल्या टुरिंग टॉकीजचा पडदा उजळायचा तो दोन कार्बनच्या कांड्यांमधल्या उजेडानं. प्रोजेक्टरमागच्या लोखंडी पेटीत या कांड्या समोरासमोर बसवलेल्या असत. त्यांची टोकं क्षणभर टेकवून जरा दूर केली, की मधल्या फटीत विजेचा झोत पेटे. नुसत्या डोळ्यांनी बघवणार नाही इतका पांढरा. त्याला आर्क म्हणत. कांड्या जळून आखूड होत, फट वाढे, पडद्यावरचं चित्र अंधारू लागे, म्हणून ऑपरेटरला काळ्या काचेतून त्या फटीवर सतत नजर ठेवावी लागे. पुढे झेनॉनचे दिवे आले आणि कार्बनच्या कांड्या अडगळीत गेल्या.

प्रयोगशाळेत मात्र त्या गेल्या नाहीत. तोच आर्क बंद भांड्यात, हवेऐवजी हेलियम किंवा आर्गॉन भरून पेटवला, तर कार्बन जळून जात नाही. धन कांडी झिजते, तिचा कार्बन वाफ होऊन फटीत येतो आणि त्यातला बराचसा समोरच्या ऋण कांडीच्या टोकावर थापला जातो. १९९१ साली जपानमधल्या त्सुकुबा इथे, एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमियो इजिमा यांनी असाच थापला गेलेला कार्बन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात सुया होत्या. प्रत्येक सुई आतून पोकळ होती, एकात एक घातलेल्या नळ्यांची बनलेली, आणि प्रत्येक नळीची भिंत फक्त एका अणूइतकी जाड. कार्बनच्या अशा पोकळ तंतूंची चित्रं त्याआधीही छापली गेली होती. १९५२ साली सोव्हिएत संशोधक राडुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी ती प्रसिद्ध केली होती. पण जगाचं लक्ष वेधलं ते इजिमांच्या लेखानं. आज ज्यांना आपण कार्बन नॅनोनळ्या म्हणतो, त्यांची खरी कहाणी तिथून सुरू होते.

त्या लेखात एक नोंद आहे, जी मला फार मोलाची वाटते: या सुया ऋण कांडीच्या टोकावर वाढल्या होत्या. दोन कांड्या, दोघी कार्बनच्याच, दोघी तापून लाल झालेल्या, मग नळ्या एकीवरच का? दोघींत ठळक फरक विजेच्या दिशेचा. म्हणजे विजेचा या वाढीशी काहीतरी संबंध असणार, असं कोणालाही वाटेल. तो संबंध नेमका काय, हे समजायला पुढची पंचवीस वर्षं लागली, आणि आज जे उत्तर हाती आहे ते त्या वेळच्या अंदाजाहून पुष्कळ वेगळं आहे.

पहिला मोठा अंदाज बांधला रिचर्ड स्मॉली यांनी. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात १९८५ साली साठ अणूंचा कार्बनचा चेंडू सापडला, तो शोध लावणाऱ्यांपैकी ते एक. त्यासाठी १९९६ चं नोबेल त्यांना कर्ल आणि क्रोटो यांच्यासोबत मिळालं. नळीच्या वाढीचा पेच त्यांच्या लगेच ध्यानात आला. नळी लांब होते ती तिच्या उघड्या तोंडाच्या काठावर नवे अणू येऊन बसल्यामुळे. पण तिथल्या प्रत्येक कार्बन अणूचा एक हात मोकळा असतो, आणि मोकळा हात कार्बनला सहन होत नाही. शेजारच्या अणूला धरून तो तोंड मिटवू पाहतो. षट्कोनांच्या जाळीत सहा पंचकोन शिरले, की नळीवर अर्ध्या चेंडूची टोपी बसते आणि वाढ थांबते. आर्कमधलं तापमान तीन हजार अंशांच्या घरात. अशा धगीत तोंड क्षणात मिटायला हवं. मग नळ्या इतक्या लांब कशा होतात?

स्मॉली यांचं उत्तर होतं: विद्युतक्षेत्र. १९९२ साली एनईसीमध्येच थॉमस एबेसन आणि पुलिकल अजयन यांनी नळ्या भरघोस प्रमाणात बनवण्याची कृती शोधली होती. अजयन मूळचे केरळचे, बनारस हिंदू विद्यापीठात धातुशास्त्र शिकलेले. त्यांच्या कृतीत कांड्यांमध्ये १८ व्होल्टांचं अंतर होतं आणि सुमारे १०० अँपिअर वीज वाहत होती. आता १८ व्होल्ट म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण आर्कमध्ये हे व्होल्ट फटभर सारखे वाटले जात नाहीत. त्यांतले बरेच ऋण कांडीला अगदी चिकटून असलेल्या अतिशय पातळ थरात पडतात. उंची तीच, पण उतार सगळा एका पायरीत आला, की ती पायरी कड्यासारखी होते. तसं तिथलं क्षेत्र प्रचंड होतं. त्यातून नळीचं टोक अणकुचीदार, आणि अणकुचीदार टोकाशी क्षेत्र आणखी एकवटतं. हे क्षेत्रच नळीचं तोंड ओढून उघडं ठेवत असेल, असं स्मॉली यांनी सुचवलं.

कल्पना देखणी होती, आणि ऋण कांडीचं कोडंही तिनं सुटल्यासारखं वाटत होतं. पण गणितानं तिला साथ दिली नाही. १९९५ साली राइसमध्येच पीटर नॉर्डलँडर आणि सहकाऱ्यांनी तोंडाजवळच्या अणूंच्या ऊर्जेचा हिशेब मांडला. आर्कमध्ये खरोखर मिळू शकतील एवढ्या क्षेत्रांत मिटलेलं तोंडच अधिक स्थिर राहतं, असं निघालं. या लेखाच्या लेखकांत एक नाव स्मॉली यांचं आहे. आपल्याच सूचनेला नकार देणाऱ्या कागदावर त्यांनी सही केली. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणं आहेत, पण पुस्तकांतून ती फारशी सांगितली जात नाहीत, म्हणून इथे मुद्दाम सांगतो. त्यानंतर असं सुचवलं गेलं की, एकात एक बसलेल्या नळ्यांच्या काठांमध्ये सुटे कार्बन अणू टाक्यांसारखे बसतात आणि तेच तोंड उघडं धरून ठेवतात. म्हणजे हे काम क्षेत्राचं नाही, अणूंच्या आपसातल्या बंधांचं.

त्याच वर्षी स्मॉली यांच्या गटानं एका नळीला व्होल्टेजच्या ताणाखाली धरून लेझरनं तिचं टोक तापवलं. टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत अचानक वाढला. त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: उघड्या काठावरून कार्बनच्या अणूंची एकेरी साखळी सुटून बाहेर ताणली जात आहे, विणलेल्या स्वेटरचा धागा उसवावा तशी. नळी उभारण्याचं श्रेय ज्या क्षेत्राला मिळालं नाही, तेच नळी उसवताना दिसलं.

मग क्षेत्राला काय जमतं? या प्रश्नाचं उत्तर शाळेतल्या एका प्रयोगात दडलेलं आहे. बशीत एरंडेल तेल घ्यायचं, वर चिमूटभर रवा भुरभुरायचा आणि तेलात दोन पट्ट्या बुडवून त्यांना उच्च व्होल्टेज जोडायचं. रव्याचे कण हळूहळू वळतात आणि एका पट्टीपासून दुसरीपर्यंत रांगा धरतात. रव्यावर कुठलाही भार आपण दिलेला नसतो. क्षेत्रामुळे कणाच्या आतले धन आणि ऋण भार किंचित बाजूला सरकतात, एक टोक थोडं धन, दुसरं थोडं ऋण होतं, आणि लांबट कण क्षेत्राच्या रेषेत वळतो. याला ध्रुवण म्हणतात. क्षेत्राची दिशा उलटी केली तर कणाचे भारही उलटे होतात, त्यामुळे कण फिरत नाही, तसाच रेषेत राहतो.

नॅनोनळी म्हणजे या कामासाठी घडवलेला रव्याचा कण म्हणायला हरकत नाही. जाडी एक-दीड नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहा लाखावा भाग, आणि लांबी त्याच्या हजारो पट. धातूच्या जातीच्या नळीत इलेक्ट्रॉन या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनअडथळा धावतात. क्षेत्र लावताच ते एका टोकाला गोळा होतात आणि दुसरं टोक रितं पडतं.

इथे थोडा हिशेब करू, कारण या विषयाचं मर्म त्यातच आहे. आणखी पुढे येणाऱ्या प्रयोगांतलं क्षेत्र साधारण दर मायक्रोमीटरला एक व्होल्ट आहे. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भट्टीचं तापमान ९०० अंश सेल्सिअस. या तापमानाला उष्णतेचे धक्के सरासरी एक दशांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट एवढ्या ऊर्जेचे असतात. क्षेत्राची पकड याहून जास्त असेल तर नळी सरळ राहील, कमी असेल तर ती वाटेल तशी हेलकावेल. आता १०० नॅनोमीटर लांबीची धातुजातीची नळी घ्या. ढोबळ सूत्रानं पाहिलं तर क्षेत्रात सरळ झाल्यानं तिला मिळणारी ऊर्जा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या हजारांश भागांत मोजावी लागते. धक्के त्याहून पंचवीसएक पट मोठे. क्षेत्राचं ही नळी ऐकत नाही. तीच नळी वाढून एक मायक्रोमीटरची झाली, की आकडा दोन इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या वर जातो. आता धक्क्यांपेक्षा पकड वीस पटींनी मोठी. दहा मायक्रोमीटरला तो हजाराच्याही पुढे जातो. लांबी दहापट झाली तर पकड जवळजवळ हजारपट होते. लांबीच्या घनाच्या हिशेबानं ती वाढते.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. एक मायक्रोमीटरच्या नळीत दीड लाखांहून अधिक अणू असतात. ते दोन-अडीच इलेक्ट्रॉन-व्होल्ट सगळ्या अणूंत वाटले, तर एकेकाच्या वाट्याला जे येतं ते त्याला शेजाऱ्यांशी बांधणाऱ्या ऊर्जेच्या सुमारे पाच लाखावा भाग. एवढ्याशा ढकलीनं एकही बंध तुटत नाही की जुळत नाही. स्मॉली यांचा अंदाज का फसला, ते इथे दिसतं. काठावरच्या अणूला धरून ठेवणं म्हणजे एकेका बंधाशी झुंज, आणि त्या झुंजीत क्षेत्र दुबळं आहे. पण सगळी नळी मिळून जेव्हा वळायचं असतं, तेव्हा लाखो अणूंच्या त्या क्षुल्लक ढकली एकाच दिशेनं लागतात आणि त्यांची बेरीज धगीला हरवते. वेलाला पानं फोडणं मांडवाच्या हातात नसतं. वेल कुठल्या अंगानं जाईल, ते तो ठरवतो. विद्युतक्षेत्र हा असा मांडव आहे.

हे प्रत्यक्षात दाखवलं स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या होंगजी दाय यांच्या गटानं, २००१ साली. एव्हाना नळ्या बनवण्याची पद्धत बदलली होती. आर्कऐवजी भट्टीत लोखंडासारख्या धातूचे नॅनोमीटरभर कण ठेवायचे आणि वरून मिथेन किंवा ॲसिटिलीनसारखा कार्बनवाला वायू सोडायचा. धातूचा कण उत्प्रेरकाचं काम करतो. वायूतला कार्बन तो घेतो आणि त्याच्या अंगातून नळी बाहेर पडू लागते. वायू कुठलाही चालतो, फक्त त्यात कार्बन हवा. मुंबईच्या आयआयटीत तर आपल्या देवघरातल्या कापराच्या वाफेपासूनही नळ्या बनवल्या गेल्या आहेत. आर्कवरही आपल्याकडे काम झालं. पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांच्या साथीनं, आर्कमधून मिळणाऱ्या नळ्यांची प्रत आणि उतारा सुधारण्याचे प्रयोग झाले.

दाय यांच्या गटानं क्वार्ट्‌झच्या चकतीवर सिलिकॉनच्या उंच कडा आणि मधे चर, अशी रचना केली. कडांवर उत्प्रेरक लावला, दोन्ही कडांना विजेच्या तारा जोडल्या आणि मिथेन सोडून भट्टी पेटवली. क्षेत्र होतं दर मायक्रोमीटरला अर्धा ते दोन व्होल्ट. हवेत ठिणगी पडायला दर मायक्रोमीटरला तीन व्होल्ट लागतात, म्हणजे हे क्षेत्र काही लहान नाही. पण चर मायक्रोमीटरांचा असल्यानं दहा-वीस व्होल्टांत ते मिळतं. क्षेत्राविना वाढलेल्या नळ्या चरावर कशाही आडव्यातिडव्या पडल्या होत्या. क्षेत्रात वाढलेल्या मात्र एका कडेपासून दुसरीपर्यंत, वाळवणाच्या दोऱ्यांसारख्या, ओळीनं ताणलेल्या. त्यांची छायाचित्रं आजही पाहताना मला नवल वाटतं. भट्टीत वायूचा वारा आहे, धग आहे, आणि त्यात अधांतरी वाढणारा अणूंचा दोरा रेघेत चालतो आहे.

यात चराचं काम मोठं आहे. सपाट जमिनीवर नळी वाढवली तर ती जमिनीला चिकटते. दोन गुळगुळीत पृष्ठभाग अगदी जवळ आले की त्यांच्यातलं जे सूक्ष्म आकर्षण जाणवतं, ते नळीच्या सगळ्या लांबीभर लागतं. एकदा चिकटली की मग क्षेत्र कितीही ओढो, ती जागची हलत नाही. म्हणून वाढत असताना ती अधांतरी राहायला हवी. दाय यांच्याच गटानं पुढच्या वर्षी सपाट पृष्ठभागावरही नळ्या ओळीत लावून दाखवल्या, पण तिथेही कळीचा मुद्दा हाच होता: चिकटण्याआधी नळीला वळायला वेळ मिळाला पाहिजे.

आतापर्यंत आडव्या नळ्यांबद्दल बोललो. उभ्या नळ्यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि त्यात फसगतीला जागाही जास्त. १९९८ साली न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो केंद्रात झिफेंग रेन आणि सहकाऱ्यांनी साध्या काचेवर, ६६६ अंशांखालच्या तापमानात, उभ्या नळ्यांचं दाट रान उगवलं. त्यांच्या भट्टीत प्लाझ्मा होता. प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन आणि आयन सुटे झालेला वायू. ट्यूबलाइटमध्ये तोच असतो. प्लाझ्मात एखादी चकती ठेवली की एक मजेशीर गोष्ट घडते. इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ, ते चकतीवर आधी येऊन आदळतात. जड आयन मागे राहतात. चकती ऋण होते आणि तिच्यावर एक पातळ थर तयार होतो, ज्यात क्षेत्र जोरकस असतं आणि नेहमी पृष्ठभागाला काटकोनात असतं. चकती तिरपी ठेवा, गोल तंतू ठेवा, क्षेत्र त्या-त्या जागी पृष्ठभागाला लंबच राहणार.

नळ्यांनी नेमकं तेच केलं. २००० साली ओटो झोऊ, सुंघो जिन आणि त्यांचे सहकारी यांनी काचेच्या बारीक तंतूवर नळ्या वाढवल्या, तेव्हा त्या साळिंदराच्या काट्यांसारख्या चहूबाजूंनी उभ्या राहिल्या. त्यांचा दुसरा प्रयोग मला त्याहून आवडतो. नळ्या वाढत असताना त्यांनी प्लाझ्मा बंद केला आणि भट्टी तशीच चालू ठेवली. वाढ थांबली नाही, पण पुढचा भाग कुरळा निघाला. एकाच नळीवर अर्धं अंग सरळ आणि अर्धं कुरळं. प्लाझ्मा असताना आणि नसताना काय होतं, याचा पुरावा एकाच तंतूवर लिहून ठेवलेला.

तरीही इथे सावध राहायला हवं. उसाच्या दाट फडात ऊस सरळ वाढतो, कारण आडवं व्हायला जागाच नसते. नळ्यांचंही तसंच. दाय यांच्या गटानं १९९९ साली प्लाझ्मा न वापरता, नुसत्या गर्दीच्या जोरावर नळ्यांचे चौकोनी मनोरे उभे केले होते. म्हणजे सरळ नळ्या दिसल्या की श्रेय क्षेत्राला द्यायचं, ही घाई झाली. खरी परीक्षा एकट्या तंतूची.

ती परीक्षा घेतली अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत व्लादिमीर मेर्कुलोव आणि सहकाऱ्यांनी. त्यांनी कार्बनचे तंतू एकेकटे, एकमेकांपासून लांब वाढवले. काही तंतूंत उत्प्रेरक कण तंतूच्या डोक्यावर बसून वर चढतो, काहींत तो मुळाशीच राहतो. डोक्यावर कण असलेले तंतू क्षेत्ररेषेत सरळ वाढले. मुळाशी कण असलेले कुठेही वळले. क्षेत्र दोघांना तेच, मग फरक का? मेर्कुलोव यांनी दिलेलं स्पष्टीकरण असं. क्षेत्र तंतूला वर ओढतं. तंतू सरळ असेल तर कण आणि तंतू यांच्या सांध्यावर ताण सगळीकडे सारखा पडतो. तंतू कलला की एका कडेला ताण आणि दुसऱ्या कडेला दाब येतो, आणि त्यामुळे दोन कडांना कार्बन जमण्याचा वेगही वेगळा होतो. कण डोक्यावर असेल तर हा फरक तंतूला परत सरळ करतो. कण मुळाशी असेल तर तोच फरक कलणं आणखी वाढवतो. डोंबारी काठी तळहातावर तोलताना दर क्षणी हात हलवून ती सावरतो. इथे सावरणारा हात म्हणजे निकेलचा एक कण, आणि तो काठीच्या वरच्या टोकाला बसलेला आहे.

मांडवाची उपमा इथे थोडी अपुरी पडते, हे कबूल करायला हवं. आडव्या नळीत क्षेत्रानं तयार झालेली नळी वळवली. इथे मात्र ते वाढीच्या वेगात हात घालतं आहे, कोणत्या कडेला आधी कार्बन बसेल हे सांगतं आहे. २००४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो केंद्रात सुंघो जिन यांच्या गटानं वाढ चालू असतानाच क्षेत्राची दिशा बदलली, आणि तंतूंना काटकोनात वळणं देत नागमोडी आकार वाढवून दाखवले.

नळ्या सोडून जरा हिऱ्याकडे येतो. मिथेन आणि हायड्रोजनच्या प्लाझ्मातून हिऱ्याचा पातळ थर वाढवता येतो, पण सिलिकॉनवर हिऱ्याची सुरुवातच होत नाही. पहिले अंकुर धरत नाहीत. जुना उपाय म्हणजे हिऱ्याच्या भुकटीनं सिलिकॉन खरवडायचा. ओरखड्यांत राहिलेले कण बियाण्यासारखे कामी येत. १९९१ साली जपानमध्ये शिगेमी युगो आणि सहकाऱ्यांनी भुकटी बाजूला ठेवली. सुरुवातीची थोडी मिनिटं त्यांनी सिलिकॉनच्या चकतीला ऋण व्होल्टेज दिलं, आणि अंकुर दाटीवाटीनं धरले. प्लाझ्मातले धन आयन चकतीकडे खेचले जातात, आदळतात, आणि पृष्ठभागाखाली कार्बनची अशी भर घालतात की त्यातून हिरा सुरू होऊ शकतो. सुरुवात झाली की व्होल्टेज बंद करतात आणि पुढची वाढ नेहमीसारखी होऊ देतात. हीच युक्ती इरिडियम धातूच्या थरावर वापरून जर्मनीतल्या आउग्सबुर्ग विद्यापीठात मॅथियास श्रेक यांच्या गटानं २०१७ साली एकसंध हिऱ्याची चकती जगापुढे ठेवली: व्यास सुमारे ९२ मिलिमीटर, वजन १५५ कॅरेट. कोहिनूर आज १०५.६ कॅरेटचा आहे.

हिऱ्याच्या या गोष्टीतून एक नवी बाब पुढे येते. क्षेत्र किती मोठं, यापेक्षा ते कधी लावलं याला इथे महत्त्व आहे. वाढ एकदा मार्गी लागली की सगळे बंध घट्ट झालेले असतात. अंकुर धरतानाचा क्षण वेगळा. तेव्हा दोन-तीन वाटा जवळजवळ सारख्या ऊर्जेच्या असतात, आणि कोणती धरायची ते एवढ्याशा धक्क्यानं ठरतं. नळ्यांच्या बाबतीत असा क्षण पकडता येईल का?

हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. नळ्या दोन जातींच्या असतात. ग्राफाइटची एका अणूची जाळी गुंडाळली की नळी होते, पण गुंडाळी कोणत्या कोनात झाली यावर तिचा स्वभाव ठरतो. साधारण तीनांतली एक नळी धातूसारखी वीज नेते, उरलेल्या दोन अर्धवाहक असतात. संगणकाच्या ट्रान्झिस्टरला हवी अर्धवाहक, जी चालू-बंद करता येते. धातुजातीची नळी बंदच होत नाही. ती शिरली की ट्रान्झिस्टर नासतो. २०१३ साली स्टॅनफर्डमध्ये १७८ ट्रान्झिस्टरांचा, फक्त नॅनोनळ्यांवर चालणारा पहिला संगणक झाला, तेव्हा धातुजातीच्या नळ्यांतून मुद्दाम जास्त वीज सोडून त्या जाळून टाकाव्या लागल्या होत्या. त्या नळ्या ओळीत लावल्या होत्या क्वार्ट्‌झच्या स्फटिकानं, त्याच्या पृष्ठभागावरच्या अणूंच्या रांगांनी. इथे स्पष्टच सांगायला हवं: नळ्या नुसत्या ओळीत लावायच्या असतील तर आज क्वार्ट्‌झ अधिक सोपा आणि स्वस्त आहे. क्षेत्राला आपलं स्थान टिकवायचं तर क्वार्ट्‌झला जमत नाही ते करून दाखवायला हवं.

क्षेत्र दोन जातींत फरक करतं, हे आधीच ठाऊक होतं. धातुजातीच्या नळीत इलेक्ट्रॉन मोकळे, म्हणून तिचं ध्रुवण मोठं आणि ती क्षेत्रात लवकर सरळ होते. हार्वर्डमध्ये अर्नेस्टो योसेलेविच आणि चार्ल्स लीबर यांनी २००२ सालीच हे मांडलं होतं. पण वळण्यातला फरक म्हणजे जातीची निवड नव्हे. गुंडाळीचा कोन नळी सुरू होतानाच ठरतो, आणि एकदा ठरला की ती सहसा शेवटपर्यंत तोच धरून चालते.

बीजिंगच्या त्सिंगहुआ विद्यापीठात शोउशान फान आणि काइली जियांग यांच्या गटानं त्या 'सहसा'वर बोट ठेवलं. भट्टीत वाढणाऱ्या नळीवर विद्युतभार असतो, हे त्यांनी आधी मोजून दाखवलं होतं. मग २०१८ साली त्यांनी अधांतरी वाढणाऱ्या लांब नळ्यांवर क्षेत्र लावलं आणि वाढ चालू असताना त्याची दिशा उलटी केली. उत्प्रेरक कण आणि नळीचं तोंड यांच्यावरचा भार एकदम बदलला. नळी जणू पुन्हा नव्यानं सुरू झाली आणि काही नळ्यांच्या गुंडाळीचा कोन बदलला. धातुजातीच्या नळीत जादा भार सहज सामावतो, अर्धवाहक नळीत तो इतक्या सहज सामावत नाही. पुन्हा सुरू होण्याच्या त्या क्षणी याच फरकाचा उपयोग होतो. बदल झाला तो एका बाजूनं: त्या क्षणानंतरच्या नळ्या जवळजवळ सगळ्या अर्धवाहक निघाल्या, ९९.९ टक्के.

स्मॉली यांनी क्षेत्राकडून काठावरच्या अणूंशी झुंज मागितली होती, आणि ती क्षेत्राला जमली नाही. बीजिंगच्या भट्टीत क्षेत्र त्याच काठाशी येऊन पोचलं. मात्र या वेळी झुंजायला नाही. काठ स्वतःच डळमळत असताना, एका ठरलेल्या क्षणी, तो कुठल्या बाजूला कलेल ते सांगायला.

९९.९ टक्के म्हणजे हजारांत एक चुकीची. २०१९ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये नॅनोनळ्यांच्या १४,००० हून अधिक ट्रान्झिस्टरांचा प्रोसेसर चालवून दाखवला, तेव्हा त्यासाठी दहा हजारांत एक एवढी चूक चालेल अशी मांडणी खास आखावी लागली होती. त्या नळ्या भट्टीतून तशा शुद्ध निघालेल्या नव्हत्या; त्या द्रावणात घालून निवडून घेतल्या होत्या. भट्टीतच, नळी वाढत असताना, क्षेत्राचं बटण नेमक्या क्षणी दाबून तेवढी शुद्धता मिळवायची, तर हजारांतली ती एक नळी कुठल्या क्षणी हातून निसटते ते पकडावं लागेल. त्या कामासाठी आज पुन्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच पुढे आले आहेत, इजिमांनी वापरला त्याच जातीचे. फरक एवढाच की आता त्यांच्या पोटातच छोटी भट्टी बसवता येते, आणि वाढणाऱ्या नळीचं तोंड वाढत असतानाच पाहता येतं.